टिपणीस सरांच्या फोटोला कोणी नावं ठेवीना

महमूद धनसेच्या फोटोला इरावतीबाईंनी भर बैठकीत इतकी नावं ठेवली, की सुहास टिपणीसांच्या पोटात दुखायला लागलं.

मित्राची फजिती पाहवली नाही म्हणून दुखलं, असं कोणी समजू नये. टिपणीस सर सज्जन होते, पण इतके नव्हते. शेजाऱ्याच्या दारात नवी चारचाकी उभी राहिली किंवा चुलतभावाची मुलगी कॅनडाला गेली, की सुशिक्षित माणसाच्या बरगडीखाली जी बारीक कळ उठते, ती ही कळ होती. फरक एवढाच, की लोक दुसऱ्याच्या कौतुकावर जळतात आणि सर दुसऱ्याला मिळालेल्या टीकेवर जळत होते.

महाड-पोलादपूरकडच्या काही हौशी मंडळींनी रात्रीचे फोटो काढणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. चांदण्या, काजवे, घाटातल्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा असले फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे आणि महिन्यातून एकदा पोलादपूरला इरावती करंदीकरांच्या ओटीवर जमून त्यांचा अभिप्राय घ्यायचा. ग्रुपचं नाव 'रात्रपाळी'. ते सरांनीच सुचवलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्या नावामुळे एमआयडीसीतले काही कामगार लिंकवरून चुकून आत शिरले होते आणि चांदण्यांच्या फोटोंखाली "उद्या माझ्या जागी कोण येतो काय" असं विचारत, पण ते एक असो.

इरावतीबाईंचं उभं आयुष्य मुंबईत मासिकांसाठी फोटो काढण्यात गेलं होतं. आता त्या पोलादपूरला घर बांधून राहिल्या होत्या. बोलणं कमी, नजर तिखट. त्यांच्यासमोर फोटो ठेवताना डॉक्टरला जीभ दाखवल्यासारखं वाटे.

त्या रविवारी सरांनी गांधारी नदीच्या पाण्यात पडलेल्या पुनवेच्या चंद्राचा फोटो दाखवला. दाखवण्याआधी त्यांनी थोडी प्रस्तावना केली. चंद्र कोणत्या कोनात होता, डास कसे होते, शटर किती वेळ उघडं ठेवलं, पाण्यातला चंद्र वरच्या चंद्रापेक्षा खरा का वाटतो, वगैरे. शाळेत भूगोल शिकवून पर्यवेक्षकपदाला पोचलेल्या माणसाची प्रस्तावना जेवढी असायची तेवढीच ती होती. बाईंनी फोटो पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "छान आहे. पुढचा."

पुढचा महमूदचा होता. कशेडी घाट उतरणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांची एक लांबच लांब लाल रेघ. महमूद आणि सर एकाच बाकावर शिकलेले. पुढे महमूद कुवेतला गेला, परत येऊन त्याने ट्रकचा धंदा टाकला. "हा माझा," एवढंच म्हणून तो गप्प बसला.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"क्षितिज कललंय. डावीकडचा हा दिव्याचा खांब तुम्हाला दिसला नव्हता का? आभाळ पांढरंफटक पडलंय. रेघ चौकटीबाहेर जाऊ दिली असतीत तर घाट लांब वाटला असता. तुम्ही ती मधेच तोडलीत, पालीची शेपटी तुटावी तशी. आणि हे कोपऱ्यात काय आहे? टपरी? माणूस चहा पितोय. अहो, खरा फोटो तिथे होता. तुम्ही तिथे गेलात का नाही?"

बोलता बोलता बाईंच्या चहावर साय धरली. मग ती साय काढून टाकून त्या पुन्हा बोलू लागल्या. महमूद मान खाली घालून ऐकत होता. बाकीचे त्याच्याकडे कणवेने पाहत होते. सर मात्र मनातल्या मनात विचारत होते, माझ्या चंद्रात एवढं सुद्धा नव्हतं?

परत येताना गाडी महमूद चालवत होता. "पार धुतला मला बाईंनी," तो म्हणाला. "तुझं बरं हाय सुहास. एका शब्दात पास."

सरांना वाटलं, हा जखमेवर मीठ चोळतोय. महाड येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

घरी सरोजने विचारलं, "बाईंनी चांगलं म्हटलं ना? मग तोंड असं का?"

"सरोज, डॉक्टर रोग्याला ठोकून, वाजवून बघतो. ज्याला हात लावत नाही तो एक तर ठणठणीत असतो, नाहीतर संपलेला असतो."

"मग तुम्ही ठणठणीत असाल."

"बाईंच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं नाही."

सरोज तहसील कचेरीत अव्वल कारकून होती. तक्रारी ऐकून घेण्यात तिचा दिवस जात असे, त्यामुळे घरी ती फार ऐकून घेत नसे. फोटोकडे एकदा बघून ती म्हणाली, "सगळं काळं आहे," आणि कुकर लावायला गेली. हा खरं तर चोख अभिप्राय होता. पण बायकोने दिलेला अभिप्राय जगात कुठेच धरला जात नाही, तसा तो सरांनीही धरला नाही.

त्यांनी चंद्र ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "कृपया निर्भीडपणे टीका करावी." इथे एक अडचण होती. ग्रुपमधले निम्मे लोक सरांचे माजी विद्यार्थी होते. अंगठे आले, हात जोडलेले आले, फुलांचे गुच्छ आले. श्रुतिका नावाच्या दंतवैद्य विद्यार्थिनीने लिहिलं, "सर, तुम्ही आम्हाला चंद्राच्या कला शिकवल्यात. आज चंद्रच शिकवलात." याचा अर्थ तिलाही ठाऊक नसावा. सरांनी पुन्हा लिहिलं, "चुका दाखवा." त्यावर स्वराज नावाच्या विद्यार्थ्याचा संदेश आला आणि सर चष्मा शोधेपर्यंत त्याने तो काढून टाकला. 'हा संदेश हटवण्यात आला आहे.'

त्या एका ओळीने सरांची झोप उडवली. काय लिहिलं असेल पोराने? सकाळी त्यांनी त्याला फोन केला. स्वराज आधी इकडचंतिकडचं बोलला, मग म्हणाला, "काही नाही सर, चुकून दुसऱ्या ग्रुपवरचं इथे पडलं. गॅस सिलेंडरचं होतं."

सरांचा त्यावर विश्वास बसला नाही. टीका आली होती आणि हातातून निसटली होती, असंच त्यांनी धरलं.

शेजारच्या आनंदीबाईंनी हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता त्यांनी सल्ला दिला, "एवढे कष्ट घेता तर दिवसा का नाही काढत फोटो? उजेड असतो."

तेवढ्यात महमूदने ग्रुपवर नवा फोटो टाकला. उमरठच्या एका घराच्या पडवीत जळणारा एकच दिवा आणि वर ताऱ्यांनी खचाखच भरलेलं आभाळ. फोटो चांगला होता. सरांनी तो मोठा करून, लहान करून, आडवा करून पाहिला. प्रत्येक वेळी तो चांगलाच दिसला. वर महमूदने साधेपणाने लिहिलं होतं, "काल बाईंचा फोन आला होता, त्यांनी सांगितलं तसं करून बघितलं."

फोन आला होता. बाईंचा. आपणहून.

सर रात्रीचं जेवण न जेवता टेबलाशी बसले आणि त्यांनी महमूदच्या फोटोवर अभिप्राय लिहिला. अभिप्राय द्यावा तर आधी एक चांगली गोष्ट सांगावी, असा ग्रुपचा नियम होता. म्हणून त्यांनी सुरुवात केली, "दिवा ओळखू येतो." मग मात्र त्यांनी हात सैल सोडला. विजेची तार आभाळाला कापते. पडवी खाली इतकी दाबली आहे की घर बुडाल्यासारखं वाटतं. दिव्याची ज्योत जळून पांढरा गोळा झाली आहे, ती माणसाने लावली आहे हे कळत नाही. आभाळ जास्त, घर कमी. पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं? शेवटी "लोभ असावा" लिहून त्यांनी तो पाठवला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

सकाळी महमूदचं उत्तर आलं होतं. "सुहास, हे अगदी बरोबर हाय. आज परत जातो."

असूयेने दिलेला सल्ला वाया जावा, ही किमान अपेक्षा असते. महमूद खरंच परत गेला. ज्योत सांभाळली, घर वर घेतलं, तारेच्या अलीकडे सरकला. नवा फोटो पाहून ग्रुप दणाणला. सिलेंडरवाल्या स्वराजनेसुद्धा चार ओळी लिहिल्या, आणि त्या काढून टाकल्या नाहीत.

आता सरांसमोर एकच वाट उरली. बाईंना बोलणं भाग पडेल असा फोटो काढायचा. त्यांनी तुडील गाव निवडलं. सावित्री नदीच्या काठाला लागलेल्या होड्या आणि त्यांच्यावर चांदणं. दिवाळी होऊन गेल्याने आभाळ स्वच्छ होतं. अंधारात गाडीखाली येऊ नये म्हणून सरोजने त्यांना रेडियमचा पिवळा अंगरखा घालायला लावला. दिवेलागण झाल्यावर सरांनी काठावर तिवई रोवली, कॅमेरा चढवला, शटर उघडलं आणि मागून बॅटरीचा झोत आला.

"मोजणी हाय काय?"

मागे पाचसात माणसं उभी होती. पुढे हमजाभाई होते, कतारमधल्या दोह्याहून कायमचे परत आलेले, डोक्याला मफलर गुंडाळलेले.

"मोजणी नाही," सर म्हणाले. "फोटो काढतोय. आभाळाचा."

"आभाळाची पन मोजणी सुरू झाली?"

"अहो, मी महाडला शाळेत शिक्षक आहे."

"शिक्षकांनाच लावतात या कामाला," मागून कोणीतरी म्हणालं.

हमजाभाई शांतपणे म्हणाले, "आमी दोह्याला बघितलाय. तीन पायांचा मशीन आला की मागनं रस्ता येतो."

मग आवडीबाई नावाच्या आजी पुढे झाल्या. "रस्ता न्यायचाच तर माज्या आंब्याच्या पलीकडनं ने रे बाबा. आंबा नको तोडू."

"पलीकडं माजी वाडी हाय गो," दुसरा एक जण म्हणाला. "ती तुला दिसत नाय?"

"तुजी वाडी नदीनं कवाच खाल्ली."

रस्ता नसतानाच रस्त्यावरून भांडण लागलं. सरांमधला भूगोलाचा शिक्षक जागा झाला. दोन्ही हात वर करून त्यांनी समजावलं, "हे बघा, मला फक्त ही आकाशगंगा हवी आहे. ती इथून निघते, अशी नदीवरून जाते आणि पलीकडच्या डोंगराला टेकते."

हमजाभाईंनी सरांच्या बोटाच्या रेषेत नदीपलीकडे पाहिलं.

"म्हंजे पूल होनार," ते म्हणाले.

पूल म्हटल्यावर हवा पालटली. आंबाही वाचला आणि वाडीही. कोणीतरी खुर्ची आणली, कोणी चहा आणला. पुलाचं तोंड नक्की कुठे येईल ते पाहायला माणसं बॅटऱ्या घेऊन काठाने पसरली. एकाने उत्साहात तिवईला धक्का दिला. शटर या सगळ्या वेळात उघडंच होतं. सर घरी आले तेव्हा त्यांच्याकडे एकच फोटो होता. होड्या तिरक्या, नदी उताराला लागलेली आणि चांदण्यांच्या खाली बॅटऱ्यांच्या पिवळ्या वेड्यावाकड्या वेलांट्या.

दुसऱ्या दिवशी सरोज कचेरीतून उशिरा आली. पर्स खुर्चीवर ठेवून ती सरांसमोर उभी राहिली.

"तुडीलची माणसं आली होती. पिवळा अंगरखा घातलेल्या साहेबांनी काल पुलाची जागा दाखवली, आता काम कधी सुरू होणार विचारत होती. आमच्या तहसीलदार साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? असा कोणी अधिकारी आमच्याकडे नाही म्हटलं. तर एक आजी म्हणाली, नसेल कसा, चांगला होता बिचारा, दोन कप चहा प्यायला." सरोजने पाणी घेतलं. "माझी नोकरी अजून शिल्लक आहे. पुढच्या वेळी कुठे जाल तिथे आधी स्वतःचं नाव सांगा, मग आभाळाबद्दल बोला."

सरांना ओशाळं वाटलं. पण ओशाळेपणाच्याही खाली ती जुनी कळ होतीच. महमूद उमरठला गेला तेव्हा त्याला कोणी हटकलं नव्हतं. उलट त्या घरवाल्यांनी त्याला जेवू घातलं होतं.

पुढच्या रविवारी ओटीवर बैठक भरली. महमूदचा उमरठचा दिवा बाईंनी बराच वेळ पाहिला. "ज्योत सांभाळायची हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सुहासनं," महमूद म्हणाला. "ग्रुपवर एवढं लिहिलं होतं यानं. माझ्यासाठी जेवला नाय म्हणे त्या रात्री, वहिनी बोलल्या."

बाईंनी सरांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुम्हाला दिसतं की सगळं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या वाक्यांत सरांनी विष कालवलं होतं, त्यांचं असं अमृत होताना त्यांना पाहवेना. ते उठून उभे राहिले आणि जे बोलायचं नाही असं ठरवून आले होते तेच बोलून बसले.

"मग माझ्या फोटोंत तुम्हाला काहीच कसं दिसत नाही? याला फोन करता, याच्यावर चहा गार करता. मला एक शब्द. मी काय वर्गातला नापास मुलगा आहे, की याला विचारून उपयोग नाही?"

श्रुतिका पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली. इरावतीबाई रागावल्या नाहीत.

"टिपणीस सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही फोटो दाखवायच्या आधीच तो का चांगला आहे ते सांगता. डास, कोन, वारा, सगळं. मी फोटोकडे वळेपर्यंत निकाल लागलेला असतो. त्यावर मी काय बोलू? आज काही न सांगता दाखवा."

सरांनी तुडीलचा फोटो लावला. तोंड उघडलं. बाईंनी बोट वर केलं. सरांनी तोंड मिटलं.

बाई बोलू लागल्या. नदी सांडतेय. होड्या कुठल्या आणि काठ कुठला ते कळत नाही. आभाळ गढूळ आहे. तिवई हलली तेव्हाच शटर बंद करायला हवं होतं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि प्रत्येक वाक्याला सरांपाशी उत्तर होतं. हमजाभाई, आंबा, धक्का, पूल, सगळं त्यांच्या घशाशी येऊन अडकत होतं. इतके दिवस जिची वाट पाहिली ती टीका आली होती, आणि ती अंगावर उकळतं पाणी पडावं तशी येत होती. ही गोष्ट महमूदने एवढ्या शांतपणे कशी सोसली, याचाच आता त्यांना हेवा वाटू लागला.

"आणि हे पिवळं काय आहे?" बाई पुढे झुकल्या. "या वेलांट्या?"

"माणसं आहेत," सर हळूच म्हणाले. "बॅटऱ्या घेऊन फिरत होती. त्यांना वाटलं पूल होणार आहे."

बाई थांबल्या. "म्हणजे ती पूल शोधत होती? अंधारात?"

"हो."

"मग नुसतं आभाळ कशाला काढत बसलात? परत जा. त्यांना विचारून काढा. ही माणसं काढा."

परतीच्या वाटेवर गाडी महमूदच चालवत होता. तो म्हणाला, "तू माझ्यावर जळत होतास ना?"

सरांनी खोटं बोलायचा विचार केला. पण चालत्या गाडीतून कुठे उठून जाता येत नाही. "हो," ते म्हणाले. "तो अभिप्राय पण मी रागानेच लिहिला होता."

"ते कळलं मला. 'दिवा ओळखू येतो' असं कोण लिहितो?" महमूद हसला, मग हसायचा थांबला. "तुझ्या भाभीला, बदरुन्निसाला, मी तुझा चंद्र दाखवला होता. म्हटलं, बघ, बाई याला एका शब्दात सोडतात आणि मला फाडतात. चार दिवस घरात कोणाशी नीट बोललो नाय मी."

सरांना हे ऐकून फार बरं वाटलं. इतकं बरं वाटणं चांगलं नाही, हे कळूनही वाटलं.

पुढच्या शनिवारी दोघं मिळून तुडीलला गेले. या वेळी सरांनी आधी सगळ्यांना आपलं नाव सांगितलं, पूल होणार नाही हेही सांगितलं आणि माफी मागितली. आवडीबाई म्हणाल्या, "आमाला ठाव हाय रे. पूल काय असा होतो? पन त्या दिवशी मजा आली." मग हमजाभाईंनी हाका घातल्या आणि माणसं पुन्हा बॅटऱ्या घेऊन काठाने उतरली. पलीकडे खरंच पूल आला तर तो कुठे यावा, यावर त्यांची पुन्हा जुंपली. होड्या स्थिर होत्या. तिवईपाशी महमूद उभा होता, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. सरांनी शटर उघडलं आणि पुरेसा वेळ थांबून मिटलं.

मागच्या पडद्यावर फोटो आला. नदी सपाट होती. काठाने उजेडाच्या पिवळ्या रेघा एकमेकींत गुंतत पाण्यापर्यंत गेल्या होत्या आणि तिथून पुढे अंधार होता. सरांनी कॅमेरा महमूदकडे दिला. काही बोलले नाहीत.

महमूदने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकली, ती कसली ते सर चांगलं ओळखत होते. मग त्याने घसा खाकरला.

"उजवीकडची ती होडी," तो म्हणाला, "नसती तर बरं झालं असतं."

होडी का हवी, याची सरांकडे तीन भक्कम कारणं होती. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पुन्हा फोटोकडे पाहिलं. होडी खरंच नको होती.